कुंभकोणमचा हादगा आणि पालेभाज्यांचे पोषणमूल्य

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम मराठी माणसाला अगदीच परके नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठ्यांची गादी स्थापिली आणि त्यांच्यामागून गेलेली मराठी घराणी या परिसरात रुजली. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. देवळे, बारा वर्षांनी भरणारा महामहम मेळा आणि ‘डिग्री कॉफी’ यांसाठी या गावाची ख्याती आहे. प्रस्तुत विषयाचा आरंभ मात्र तेथील पानमळ्यात उभ्या असलेल्या एका साध्या झाडापासून होतो.

कुंभकोणमचे कोवळे विड्याचे पान प्रसिद्ध असून त्याला २०२५ साली भौगोलिक मानांकनही लाभले. ही नागवेल आधाराशिवाय वाढत नाही. म्हणून मळ्यात आधी ‘अगत्ति’चे बी ओळीने पेरतात, ती रोपे उंच झाली की त्यांच्या पायथ्याशी वेल लावून खोडाला बांधतात. सावली बेताची राहावी म्हणून अगत्तीचे शेंडे वरचेवर छाटले जातात आणि तो पाला गुराढोरांपुढे जातो. देवळांच्या दारात याच पाल्याच्या जुड्या गाईला घालण्यासाठी विकत मिळतात. हा अगत्ति म्हणजे मराठी मुलुखातला हादगा, कोणी त्याला अगस्ताही म्हणतात. आश्विनात पाटावर हत्ती काढून, त्याभोवती फेर धरून मुली जो हादगा खेळतात, त्याच नावाचे हे झाड. महाराष्ट्रात याच्या फुलांची भाजी आवडीने होते, पानांकडे सहसा कोणी वळत नाही. तमिळ घरांत पाने खाल्ली जातात, पण तीही बेताचीच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचे घटक प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम ताज्या पालकात कॅल्शियम सुमारे ८० मिलिग्रॅम, मेथीत २७५, शेवग्याच्या पाल्यात ३१५, हिरव्या माठात ३३०, आणि हादग्याच्या पानांत सुमारे ९०० मिलिग्रॅम आढळते. गाईच्या दुधात ते १२० च्या आसपास असते. प्रथिनांचेही तसेच आहे: पालकात २ ग्रॅम, शेवग्याच्या पाल्यात ६ ग्रॅमहून थोडी अधिक, हादग्यात ८ ग्रॅम. नागवेलीला टेकू देणारे झाड पोषणाच्या हिशेबात पुष्कळांना मागे टाकते.

पण आकड्यांवर एकदम विश्वास टाकणे बरे नव्हे. पालकाच्या पानात नव्वद टक्के पाणीच असते, तर हादग्याच्या पानात पाऊण भागाहून थोडे कमी. पाणी वजा करून तुलना केली, तर प्रथिनांतली चौपट तफावत दीडपटीवर येते. कॅल्शियमचा फरक मात्र तरीही चौपट राहतो. शिवाय पालकाची मोठी जुडी शिजून वाटीभर होते आणि घरात ती सहज खपते, हादग्याची कडसर पाने तितकी कोण खाणार? शंभर ग्रॅमची तुलना ही प्रयोगशाळेची सोय आहे, ताटाची नव्हे.

लोहाची कथा याहून बोधक आहे. भारतीय अन्नाची अशी कोष्टके तयार करण्याचे काम तमिळनाडूतच, निलगिरीवरील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत झाले. डॉ. ॲक्रॉइड यांची पुस्तिका १९३७ साली तेथून निघाली आणि १९५८ मध्ये ही संस्था हैदराबादला हलली. तिच्या ग्रंथाच्या जुन्या आवृत्त्यांत पालकातील लोह १०.९ मिलिग्रॅम, मेथीतील १६.५ आणि कोथिंबिरीतील १८.५ असे छापलेले होते. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत तेच आकडे १.१४, १.९३ आणि १.४२ वर आले. जुनी मापनपद्धती, आणि पानांना चिकटून राहणारी माती यांचा त्या फुगवट्यात मोठा वाटा होता. २०१७ च्या कोष्टकात पालकाचे लोह ३ मिलिग्रॅमच्या जवळ आहे. म्हणजे ते काही शून्य नव्हे, पण तीन पिढ्यांनी मुलांना ज्या भरवशावर पालक खाऊ घातला, तो भरवसा बऱ्याच अंशी मातीवर उभा होता. (दशांशचिन्ह चुकल्याने पालकाचा बोलबाला झाला, ही परदेशी गोष्टही सर्रास सांगितली जाते. शोध घेता तिला आधार सापडत नाही.)

पानात जे आहे ते शरीरात किती उतरते, हा निराळाच प्रश्न. पालकात आणि माठात ऑक्झॅलिक आम्ल विपुल असते, ते कॅल्शियमला जखडून ठेवते. १९८८ साली अमेरिकेत निरोगी प्रौढांवर झालेल्या एका प्रयोगात दुधातील कॅल्शियम सुमारे २८ टक्के शोषले गेले, पालकातील अवघे ५ टक्के. मेथीत हे आम्ल नगण्य असते, म्हणून कोष्टकात माठाच्या खाली असलेली मेथी प्रत्यक्षात त्याच्यावर कुरघोडी करू शकते. हिरव्या पानांतील कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, त्याला तेला-तुपाची सोबत लागते आणि पाने बारीक घोटली तर ते अधिक मिळते. तमिळ स्वयंपाकात पालेभाजी शिजवून लाकडी रवीने घोटतात किंवा परतून वर ओले खोबरे घालतात. कुंभकोणमच्या सुगरणींना कॅरोटीन ठाऊक नव्हते, चव ठाऊक होती. तेवढे पुरे झाले.

एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना तेथील ताटात अगत्तीची भाजी आणि आवळा हटकून असतो. आवळ्यातील क जीवनसत्त्व पानांतील लोह शोषण्यास मदत करते, हे शरीरशास्त्राने पुढे दाखवून दिले. यावरून पूर्वजांना सारे विज्ञान अवगत होते असा डंका पिटण्याचे कारण नाही, ताट उत्तम जमले आहे एवढे म्हणावे. त्याच ताटामागून तासाभराच्या आत पितळी डबऱ्यातली फेसाळ कॉफी आली की तिच्यातील पॉलिफेनॉल त्याच लोहाची वाट अडवतात. चहाचा परिणाम तर कॉफीहून अधिक. महाराष्ट्रातल्या घरांनी यावर हसू नये.

हा हिशेब कशासाठी? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली, तमिळनाडूत ५७.४ टक्के. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत दोन्ही राज्ये चोपन्न टक्क्यांच्या आगेमागेच आहेत. एवढा खड्डा पालेभाजीने भरून निघणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळीची जागा कोणतीच भाजी घेऊ शकत नाही, आणि ब-१२ जीवनसत्त्व तर पानांत नसतेच. परंतु रोजच्या जेवणात फॉलेट, कॅरोटीन आणि थोडेथोडे लोह इतक्या स्वस्तात देणारे दुसरे काही नाही, आणि त्यासाठी बाजारातल्या एकाच जुडीवर विसंबण्याचेही कारण नाही. शेवगा कुंपणाला असतो, हादगा परसात वाढतो. आठवड्यात मेथी, माठ, शेवगा, अळू, पालक असा फेर धरला की एकीची उणीव दुसरी झाकते.

हादग्याची पाने करून पाहायची तर कोवळीच घ्यावीत. दांड्यावरून बारीक पाने ओरपून काढावीत, दोन-तीन पाण्यांतून धुवावीत आणि मगच चिरावीत. मोहरी-जिऱ्याच्या फोडणीत भरपूर कांदा परतून, भिजवलेल्या मुगाच्या डाळीबरोबर ती झाकून शिजवावीत आणि उतरवताना मूठभर ओले खोबरे घालावे. लिंबू ताटात पिळावे, कढईत नव्हे, कारण क जीवनसत्त्व आचेवर टिकत नाही. एवढे करूनही थोडा कडूपणा राहतोच, म्हणून मुलांच्या ताटात पहिल्या दिवशी एक चमचा वाढला तरी चालेल.