हद्दीबाहेरची मुले



संमेलनाच्या अध्यक्षांनी भाषेवर आणि संस्कृतीवर बोलावे असा रिवाज आहे. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी या संमेलनात पुष्कळ आहेत, म्हणून मी शाळेवर बोलणार आहे, आणि ते सगळ्यांना रुचेल असे नाही. बॉस्टनच्या आसपास दोन मराठी कुटुंबे भेटली की बोलणे हमखास घरांच्या किमतींवर जाते आणि तिथून शाळेवर. लेक्सिंग्टन, ॲक्टन, वेस्टबरो, श्रूजबरी ही गावे आपण का धरली? तिथल्या सरकारी शाळा चांगल्या आहेत, आणि त्या शाळेत मूल घालायचे तर त्या गावाच्या हद्दीत घर लागते, म्हणून. एखादी खोली कमी चालेल, कामावर पोचायला तास लागला तरी चालेल, पण शाळा हीच, असे ठरवून आपण तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतले. आईबापांनी मुलांसाठी करायचे ते केले; त्याबद्दल कुणी मान खाली घालायचे कारण नाही. मात्र मग एक गोष्ट कबूल करावी लागते. आपण शाळा निवडली. ती निवड विकत मिळत होती आणि आपल्याला परवडली. बॉस्टन शहराच्या रॉक्सबरी, डॉर्चेस्टर किंवा मॅटापॅन वस्तीतल्या आईला ती परवडत नाही. तिला तीच निवड घर न बदलता आणि फी न भरता देऊ पाहणारी व्यवस्था म्हणजे चार्टर शाळा. आणि हद्द विकत घेऊन बसलेल्या आपल्या घरांतून त्या शाळांना विरोध ऐकू येतो. हा विरोध अन्यायाचा आहे असे माझे मत आहे, आणि ते तुमच्यासमोर मांडल्याशिवाय मी या जागेवरून उतरणार नाही.

हद्द ही या देशातल्या शिक्षणातली सर्वांत पक्की भिंत आहे, आणि कोर्टाने ती दोनदा पक्की केली. स्थानिक शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून चालतो. घरे महाग तिथे घरपट्टी भरपूर. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गरीब वस्तीतले पालक ही विषमता घेऊन सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की शिक्षण हा देशाच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात कोर्टाने सांगितले की शहरातला वर्णभेद दूर करण्यासाठी आजूबाजूच्या उपनगरांच्या शाळांना त्यात गोवता येणार नाही. हद्द ओलांडली तर काय होते ते ओहायोतल्या ॲक्रन शहरात दिसले. गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या, शाळेत सहायक म्हणून काम करणाऱ्या एका आईने आपल्या दोन मुलींसाठी शेजारच्या गावात राहणाऱ्या त्यांच्या आजोबांचा पत्ता दिला. तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टने तिच्यामागे खासगी गुप्तहेर लावला, तिच्यावर फौजदारी खटला झाला आणि जानेवारी २०११ मध्ये ती नऊ दिवस तुरुंगात होती. सरकारी शाळेत मूल घातल्याबद्दल तुरुंग! पैशाचे म्हणाल तर, १९९३ च्या सुधारणा कायद्यापासून मॅसॅच्युसेट्सने गरीब शहरांना राज्याचा पैसा दिला आहे, आणि बॉस्टन शहर एका मुलामागे जो खर्च करते तो कित्येक उपनगरांहून जास्त आहे. तरी ज्या शाळेतून आपण आपले मूल आठवड्याभरात काढून घेऊ, तशा शाळेत तिथली मुले वर्षानुवर्षे बसतात, कारण त्यांना जायला दुसरी जागा नाही.

चार्टर शाळेची कल्पना कुणा शेठजीच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी १९८८ मध्ये ती देशापुढे मांडली. शिक्षकांच्या गटाला वेगळ्या पद्धतीने शिकवण्याची मोकळीक द्या आणि ठरावीक काळाने निकाल मागा, असा तिचा गाभा होता. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला, १९९२ मध्ये सेंट पॉल इथे पहिली शाळा उघडली. पुढे ही कल्पना नफेखोरांच्या हाती जाते आहे असे वाटून शँकर स्वतः तिच्या विरोधात गेले. त्यांची भीती निराधार नव्हती, आणि तिच्याकडे मी येणार आहे. आज देशात सुमारे सदतीस लाख मुले अशा शाळांत आहेत. या शाळा फी घेत नाहीत, प्रवेश परीक्षा घेत नाहीत, धर्म शिकवत नाहीत. पालकांच्या हाती सरकारी पैसा देऊन त्यांना खासगी शाळेत पाठवणारी व्हाउचरची योजना वेगळी. तिची वकिली मी करत नाही. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, व्यवस्थापन स्वतंत्र असते, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तिला दर पाच वर्षांनी परवाना नव्याने मिळवावा लागतो. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते.

या सोडतीमुळेच आपल्याकडे ऐकीव गोष्टींपलीकडचा पुरावा आहे. चार्टर शाळांविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा, की तिथे जागरूक आईबापांची मुले जातात, म्हणून निकाल चांगला लागतो. शाळेचे त्यात कर्तृत्व नाही. आक्षेप रास्त आहे. पण सोडतीत नाव लागलेल्या मुलाचे आणि न लागलेल्या मुलाचे आईबाप सारखेच जागरूक असतात, कारण अर्ज दोघांनीही भरलेला असतो. मधला फरक नशिबाचा. मग या दोन्ही गटांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला की शाळेने काय दिले ते वेगळे काढता येते. एमआयटीतले जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये नेमके हेच केले. माध्यमिक वर्गांत गणिताची प्रगती इतकी मोठी निघाली की शिक्षणातल्या फार थोड्या उपायांनी तेवढे साधले आहे. पुढे चार्टरची मुले दोन वर्षांच्या कॉलेजऐवजी चार वर्षांच्या कॉलेजात जास्त प्रमाणात गेलेली दिसली. एलिझाबेथ सेट्रेन यांच्या अभ्यासात विशेष गरजा असलेल्या आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांनाही फायदा झाल्याचे आढळले. आता याच संशोधकांचा दुसरा निष्कर्ष ऐका, कारण तो चार्टरचे समर्थक सांगत नाहीत आणि माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या शहराबाहेरच्या चार्टर शाळांनी असा फायदा दाखवला नाही. काही ठिकाणी मुले मागेच पडली. संशोधक या फरकाचे बरेचसे श्रेय शहरी शाळांच्या शिस्तबद्ध, जादा तासांच्या पद्धतीला देतात. मी त्यात एक भर घालतो: आपल्या उपनगरातल्या मुलाला मुळात चांगली शाळा मिळालेली असते, त्याच्यासाठी दुसरी काढून फार काही वाढत नाही. ज्याच्याकडे निवड नव्हती त्याला ती दिली की फरक पडतो.

वाईट निकालही आहेत, आणि ते लपवणाऱ्याने या विषयावर बोलू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राने २००९ मध्ये सोळा राज्ये तपासली तेव्हा गणितात फक्त सतरा टक्के चार्टर शाळा आसपासच्या शाळांहून सरस निघाल्या आणि सदतीस टक्के त्यांच्याहून वाईट. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अभ्यासात चित्र पालटले: सरासरीने चार्टरची मुले वर्षाला वाचनात सोळा दिवसांच्या आणि गणितात सहा दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे होती. मधल्या काळात कित्येक वाईट शाळा बंद झाल्या. पण घरी संगणकावर शिकवणाऱ्या ऑनलाइन चार्टर शाळांतली मुले त्याच अभ्यासात गणितात एकशे चोवीस दिवस मागे होती. ओहायोतल्या अशाच एका अवाढव्य ऑनलाइन शाळेने पटावर पंधरा हजारांवर मुले दाखवली. राज्याने हिशेब मागितला तेव्हा सहा हजारांच्या आसपास मुलांचेच शिक्षण सिद्ध झाले. सहा कोटी डॉलर परत करण्याचा आदेश निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये, ऐन सत्राच्या मध्यात, शाळेला कुलूप लागले. हे सार्वजनिक पैशाचे दरोडे आहेत आणि अशा शाळांना परवाना देणारे अधिकारी तितकेच दोषी आहेत. न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना वादळानंतर जवळजवळ सगळ्या शाळा चार्टर झाल्या, मुलांचे निकाल खरोखर सुधारले, पण त्याआधी सात हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना, त्यांतल्या बहुसंख्य काळ्या शिक्षकांना, एका फटक्यात घरी बसवले गेले. ती किंमत चुकवायला नको होती.

आता आपल्या राज्यातला, मॅसॅच्युसेट्समधला वाद. निकालांत सर्वांत मागे असलेल्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे मुख्यतः गरीब शहरांच्या, शिक्षणखर्चाच्या जास्तीत जास्त अठरा टक्केच पैसा चार्टरकडे जाऊ शकतो, अशी मर्यादा कायद्यात आहे. २०१६ मध्ये ती सैल करून दरवर्षी बारा नव्या शाळांना वाव द्यावा, असा प्रस्ताव मतदानाला आला आणि सुमारे बासष्ट टक्के लोकांनी तो फेटाळला. मोजकी गावे सोडता सगळीकडे नकार मिळाला. बॉस्टननेही नकारच दिला. लोकांच्या मनात भीती होती पैशाची: मूल चार्टरकडे गेले की त्याच्या मागचा पैसा जातो, पण डिस्ट्रिक्टच्या शाळेची इमारत, बस आणि निवृत्तिवेतन तेवढेच राहते. ही भीती खोटी नाही. म्हणूनच राज्य डिस्ट्रिक्टला भरपाई देते. २०१९ च्या कायद्याप्रमाणे पहिल्या वर्षी शंभर, मग साठ, मग चाळीस टक्के. बरीच वर्षे राज्याने ही भरपाई पूर्ण दिली नव्हती, आणि त्याचा जाब विधिमंडळाला विचारायला हवा होता. जो पैसा राज्याने थकवला त्याची शिक्षा सोडतीच्या रांगेतल्या मुलाला का? दुसरा आक्षेप असा, की काही चार्टर शाळा कडक शिस्तीच्या नावाखाली अवघड मुलांना हळूहळू बाहेर काढतात आणि रिकाम्या जागा भरत नाहीत. जिथे असे घडते तिथे परवाना काढून घ्यावा. मॅसॅच्युसेट्सच्या २०१० च्या कायद्याने रिकाम्या जागा भरण्याचे बंधन घातले, पण वरच्या वर्गांना सूट ठेवली. ती सूट रद्द झाली पाहिजे. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी.सारख्या जुन्या आणि आदरणीय संघटनेने २०१६ मध्ये नव्या चार्टरना स्थगिती मागितली, तेव्हा तिचा रोख अशाच गोष्टींवर होता. दोष दाखवलेत, दुरुस्ती मागितलीत, तर मी तुमच्या बरोबर आहे. पण दोष दाखवून शाळाच नको म्हणणाऱ्याने हेही सांगावे, की तेच दोष असलेली डिस्ट्रिक्टची शाळा किती वर्षांत बंद झालेली त्याने पाहिली आहे.

मराठी माणसाला तर या कल्पनेचे नवल वाटायला नको. पैसा सरकारचा आणि शाळा संस्थेची, ही रीत आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून आहे. अनुदानित शाळांनीच महाराष्ट्र शिकवला. १९१९ मध्ये काले गावी सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेने ज्या घरांत अक्षर पोचले नव्हते तिथे ते पोचवले. काही जण महात्मा फुल्यांचे नाव माझ्याविरुद्ध घेतील: १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी, सरकारने शिक्षणातून अंग काढून घेऊ नये असे सांगितले होते. बरोबर आहे. पण त्याच निवेदनात त्यांनी विचारले होते, की महसूल राबणाऱ्या रयतेचा आणि शिक्षण वरच्या वर्गांना, हे कुठवर चालायचे? चार्टर शाळेत सरकार अंग काढून घेत नाही. परवाना, तपासणी आणि पैसा सरकारचाच राहतो. आपल्या अनुदानित शाळांचे दुखणे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिथे अनुदान पटसंख्येवर आणि मंजूर पदांवर ठरत गेले, मूल शिकले का हे विचारले गेले नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली तेव्हा हजाराहून जास्त शाळांत पटावरची निम्मी मुलेही हजर नव्हती. ओहायोतला घोटाळा आणि हा एकाच जातीचा आहे. पाच वर्षांनी परवाना संपणे आणि मुलांच्या शिक्षणाचा हिशेब दिल्याशिवाय तो न मिळणे, एवढी एक अट आपल्याकडे असती तर कित्येक संस्थाचालकांचे धाबे दणाणले असते.

उद्या सकाळच्या खुल्या अधिवेशनात या विषयावर ठराव येणार आहे. गरीब शहरांतली अठरा टक्क्यांची मर्यादा उठवावी, चार्टरना प्रत्येक इयत्तेतली रिकामी जागा भरण्याची सक्ती करावी, डिस्ट्रिक्टची भरपाई राज्याने पूर्ण द्यावी, आणि सलग दोनदा निकाल न देणाऱ्या शाळेचा परवाना संपवावा, असे त्यात म्हटले आहे. मी ठरावाच्या बाजूने मत देणार आहे. विरोधात बोलायला अनेक जण उभे राहतील आणि सरकारी शाळांवरचे आपले प्रेम सांगतील. त्यांना माझी विनंती आहे. बॉस्टनच्या मुलांना उपनगरांच्या शाळांत बसवणारी मेटको ही योजना १९६६ पासून चालू आहे आणि आजही त्यात जेमतेम तीन हजारांच्या आसपास मुले आहेत, कारण जागा किती द्यायच्या हे आपली गावे ठरवतात. ठरावाला विरोध करणाऱ्या प्रत्येकाने व्यासपीठावर येताना आपल्या गावाच्या शाळेत मेटकोच्या आणखी किती जागा मागायला तो स्कूल कमिटीच्या पुढच्या बैठकीत उभा राहणार आहे, तो आकडा आधी सांगावा.