आकडीतला कोयता

मंडळी, रानात निघायचं म्हटलं की आमच्या कोकणातला माणूस आधी कमरेमागे हात लावून बघतो. आकडी आहे ना? आकडीत कोयता आहे ना? मग तो निघाला. घाटावरच्या श्रोत्यांना आकडी ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. कमरेला दोरीने बांधायचा हा एक आकडा. त्यात कोयता अडकवला की दोन्ही हात मोकळे. झाडावर चढा, भारा उचला, ओढा ओलांडा. काम झालं की कोयता पुन्हा आकडीत. तो दगडाला टेकून ठेवायचा नाही, गवतात टाकायचा नाही.

मी पुष्कळ वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. एका हिवाळ्यात सहावी-सातवीची मुलं घेऊन डोंगरपायथ्याला वनभोजनाला गेलो होतो. चुलीसाठी आणलेली वाळकी फाटी बारीक करायची होती. कोयता माझाच, वर्षभर पडून बोथट झालेला. मी मनात म्हटलं, बोथट आहे तेच बरं, पोरांना लागायचं भय नाही. एका मुलाने दोन घाव घातले, कोयता रुतेना. तिसरा घाव त्याने अंगातला सगळा जोर काढून घातला, तो फाट्यावरून निसटला आणि थेट त्याच्या नडगीवर आला. चार टाके पडले, धनुर्वाताची सुई टोचावी लागली. मुलाची आई मला एक शब्द बोलली नाही. तेच मला जास्त लागलं.

बोथट हत्याराला जोर लागतो, आणि जोराने मारलेला घाव चुकला की आवरता येत नाही. धारेचा कोयता आपल्याच वजनाने रुततो. म्हणून तर त्याचं पातं पुढे जड असतं.

आता कोयता घ्यायचा कसा? साध्या सळईचा कोयता दिसायला छान, पण धार धरीत नाही. मोटारीच्या कमानपाट्याचं पोलाद चांगलं. लोहार ते लाल करून पाण्यात बुडवतो, त्याला आपण पाणी देणं म्हणतो. नुसतं एवढंच केलं तर पातं काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून जाणता लोहार ते पुन्हा बेताने तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवतो. ही त्याची खरी विद्या. त्याला घाई करू नका, आणि आठ-दहा रुपयांसाठी घासाघीसही करू नका.

पण लोहाराची ही मेहनत आपण बाजारात दोन मिनिटांत घालवतो बरं का! विजेवर फिरणाऱ्या चाकावर धार लावायला दिली, ठिणग्या उडाल्या, आपण खूश. पातं तापून कडेला निळं पडलं की समजा, तिथलं पाणी उतरलं. तशी धार दोन दिवस टिकत नाही. त्यापेक्षा घरचा धारेचा दगड घ्या, पाणी शिंपडत दोन्ही अंगांनी सारखं घासा. थोडं, पण वरचेवर. मूठ हलते का तेही बघा. हलत असेल तर रात्रभर पाण्यात ठेवून घट्ट झाली असं समजू नका. लाकूड वाळलं की ती पुन्हा सुटते.

बाकी सामान थोडंच. फळं कापायला लहान चाकू, काथ्याची दोरी, झाकणाच्या डबीत काडेपेटी, विजेरी, पाणी, आणि पायवाट चाचपायला काठी. काठी विसरू नका, फुरसं पाचोळ्यात दिसत नाही. आणि साप चावलाच तर चाकू बाहेर काढायचा नाही! चीर देऊन विष निघत नाही, उलट रक्त जातं. करकचून बांधायचंही नाही. माणसाला धीर द्यावा, चावलेला हात-पाय हलू देऊ नये, आणि तडक दवाखाना गाठावा. प्रतिविषाची लस तिथेच मिळते.

शिक्षकबंधूंनो, सहलीआधी वनरक्षकाला विचारून घ्या. राखीव जंगलात वाटेल ते तोडता येत नाही. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीवाचून हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्याने सुरीदेखील हत्यारच. तिथे कोयता घरीच ठेवलेला बरा.

मुलांना मात्र एवढं शिकवाच. घाव घालायचा तो अंगापासून दूर, आणि तोही समोर, बाजूला कुणी नाही हे पाहून. कोयता दुसऱ्याला हातात द्यायचा तो मूठ पुढे करून. घेणाऱ्याने "घेतला" म्हटल्यावरच सोडायचा.

तो नडगीवर टाके पडलेला मुलगा पुढच्या वर्षी वनभोजनाच्या दिवशी सकाळीच माझ्या ओटीवर येऊन उभा राहिला. "गुरुजी, कोयता मी घेऊ?" मी जरा घुटमळलो. मग दगड आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. अर्धा तास तो धार लावीत बसला होता. नंतर आकडी मी माझ्या हाताने त्याच्या कमरेला बांधली.