दारातल्या टाकीत शिंगाडा

उपवासाचं शिंगाड्याचं पीठ आपण वाण्याकडून आणतो. पण ताज्या शिंगाड्याची गोडी विचारावी ती भंडारा-गोंदियाच्या तलावांवरच्या ढिवर बांधवांना. पिढ्यान्‌पिढ्या ते हे पीक घेत आले आहेत.

घरी लावायचा, तर दीड-दोन फूट पाणी राहील अशी पसरट टाकी आणि भरपूर ऊन हवं. तळाशी गाळाची माती, थोडं कुजलेलं शेणखत. बियाणं मात्र जपा. शिंगाडा वाळला की उगवत नाही, म्हणून तो लावेपर्यंत पाण्यातच ठेवायचा. रोप पावसाच्या तोंडाशी टाकीत लावा. डासांसाठी गप्पी मासे सोडा.

पांढरं फूल पाण्यावर उमलतं, मग देठ खाली वाकतो आणि फळ पाण्याखाली वाढतं. किती सुंदर रचना ही! दसऱ्याच्या सुमारास पानांचा झुबका हलकेच उचलून बघा. हाताला सहज सुटेल तेच फळ तोडा. जास्त पिकलेलं गळून तळाशी जातं. काट्यांपासून बोटं सांभाळा.

आणि एक कळकळीचं सांगणं: कच्चा शिंगाडा दातांनी सोलू नका. सालीला जंतांचे सूक्ष्म कोश चिकटलेले असू शकतात. स्वच्छ धुऊन, उकडूनच खा.