फ्लॉवरचे पंचांग

(शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)

हस्ताचा पाऊस सरला की परसातली माती चार दिवस फसवते. वरून सुकलेली, आत चिखल. उत्साही माणसे त्याच दिवशी कुदळ घेऊन उतरतात आणि काळ्या जमिनीतून नुसती ढेकळे काढतात. ती ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी भाजतात. जुना माळी थांबतो. मूठभर माती दाबून गोळा करतो, त्याला टिचकी मारतो. गोळा भुसभुशीत फुटला तर वाफसा आला.

मग पावसाळी वेलांचे सांगाडे उपसायचे, मांडव उतरवायचा, कुजलेले शेणखत मिसळायचे. एवढे सगळ्यांना ठाऊक असते. चुकते ते तारखेत. भोंडल्यातल्या सुनेला सासू नेमके याच दिवसांत कारल्याचे बी पेरायला लावते. बिचारीचे माहेर लांबले यात नवल नाही. कारल्याला ऊब लागते, थंडीत तो वेल रखडतो.

तारखेची खरी गंमत फ्लॉवरमध्ये आहे. 1822 मध्ये ही भाजी इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आली. गारव्याला सरावलेल्या त्या झाडाचे बी उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घेतले, त्याला उकाड्यातही गड्डा धरायला लावले, आणि गड्डा ज्या महिन्यात तयार होतो त्याचेच नाव वाणाला दिले. तिकडे आश्विनाला क्वार म्हणतात, म्हणून कुंवारी. कार्तिकाचा कातकी, अगहनचा म्हणजे मार्गशीर्षाचा अघनी, पौषाचा पूसी, माघाचा माघी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनेही एका लवकरच्या वाणाचे नाव ‘पुसा दीपाली’ ठेवले.

या बारशाला अर्थ आहे. दीपाली 20 अंशांच्या वरही गड्डा धरतो; ‘स्नोबॉल’ या उशिराच्या वाणाला 10 ते 16 अंशांचा गारवा हवा. दीपालीचे बी दिवाळीत टाकले, तर रोप अंगाने भरण्याआधीच थंडी गाठते आणि ते बटणाएवढा गड्डा देऊन मोकळे होते. स्नोबॉल फार लवकर लावला, तर नुसता पाला. पुण्या-नाशिकच्या परसात ऑक्टोबरात पेरायचा तो स्नोबॉलच. त्याचे बी मैदानी मुलखात धरत नाही, कुलूच्या खोऱ्यातल्यासारखी थंडी लागते; तेव्हा घरचे बी राखण्याचा हट्ट इथे सोडावा. दुकानदाराला मात्र वाणाचे नाव विचारावेच. ‘फ्लॉवरचे बी द्या’ म्हणणारा अर्धा डाव तिथेच हरतो.

बी पेरायला 15 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करायचा आणि झारीने पाणी द्यायचे. पाणी साचले की कोवळी रोपे बुडाशी कोलमडतात. 25 ते 30 दिवसांनी, ऊन उतरल्यावर, 45 सेंटिमीटर अंतरावर लावणी.

तोवर जागा रिकामी कशाला ठेवायची? मेथी महिन्याभरात काढणीला येते. धने हलके रगडून दोन दले सुटी करावीत. अख्खे पेरणारे कोथिंबिरीची वाट पाहून कंटाळतात. गाजर आणि मुळा जागेवरच पेरावेत, उपटून लावले तर मुळांना फाटे फुटतात. वाटाण्याची घाई नको, आधी ऑक्टोबरची काहिली ओसरू द्या.

दिवाळीच्या किल्ल्यावर मुले हळीव पेरतील, तेव्हा तुमच्या वाफ्यावर फ्लॉवरची रोपे दिसायला हवीत. आणि किल्ला मोडला की त्याची माती कचऱ्यात टाकू नका, वाफ्यात परत घाला.