तुरकाठीचं क्रम्बल

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, विषय कुठलाही चालेल, फक्त राजकारण आणि दुखणीखुपणी नकोत. राजकारण मी टाळते. दुखण्याबद्दल मात्र थोडं बोलावंच लागेल, कारण त्याच्याशिवाय मागच्या टेबलावर झाकून ठेवलेल्या पदार्थाची गोष्ट सांगता येणार नाही.

तुमच्यापैकी निम्म्यांना माझं नाव आठवत नसेल, पण 'तुरकाठी' म्हटलं की सगळ्यांना आठवेल. काल स्टेशनवर घ्यायला आलेल्या मित्राने चाळीस वर्षांनी हाक मारली तीही तशीच. तेव्हा मी खरोखर तुरीच्या वाळलेल्या काटकीसारखी होते. पोट तेवढं फुगलेलं. महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर. कवायतीला उभी राहिले की पंधरा मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी. एकदा मैदानावर पडले तेव्हा सर म्हणाले होते, "काय गं, घरी खायला घालत नाहीत का?" सर समोर बसले आहेत, हसत आहेत. सर, मी ते वाक्य घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं होतं. आई त्या रात्री जेवली नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून तिने मला जास्त खायला घालायला सुरुवात केली. काय घातलं, ते ऐका.

आपण सोलापूरची माणसं. घरात रोज ज्वारीची भाकरी. चपाती पाहुण्याला, सणाला, नाहीतर आजाऱ्याला. अशक्त पोरीला चांगलंचुंगलं द्यायचं म्हणून आईने माझ्यापुरत्या गव्हाच्या चपात्या सुरू केल्या. तूप-साखर लावून. उन्हाळ्यात कुरडया घालायच्या दिवशी गव्हाच्या चिकाची पहिली वाटी माझी. हुग्गी केली की दोन वाट्या. बाकीची भावंडं भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन धष्टपुष्ट, आणि मी गव्हाच्या ढिगावर बसून वाळत चाललेली. रक्त कमी म्हणून लोहाच्या बाटल्या झाल्या, जंतांची औषधं झाली, दृष्ट काढून झाली.

दोनच वेळा मला बरं वाटायचं. एक, श्रावणातल्या सोमवारी आणि एकादशीला. वरई, साबुदाणा, राजगिरा खाल्ला की पोट गप्प. त्यामुळे मी सगळे उपास हौसेने धरायचे आणि आजी सगळ्यांना सांगायची, पोरगी फार भाविक आहे. दुसरं, मधल्या सुट्टीत. माझ्या बाकावरची मैत्रीण चपातीवर जीव टाकायची आणि मला तिची कडक भाकरी आवडायची. आम्ही डबे बदलायचो. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाई गं, माझा निम्मा आजार तू खाल्लास आणि तुला काही झालं नाही!

लग्नानंतर १९९७ साली आम्ही इंग्लंडला, नॉटिंगहॅमला गेलो. तिथे भाकरी सुटली आणि सकाळी टोस्ट, दुपारी सँडविच, रात्री चपाती सुरू झाली. पुढची सोळा वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. २०१३ साली, माझ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझे जुने रिपोर्ट उलटेपालटे केले आणि विचारलं, "इतकी वर्षं लोहाच्या गोळ्या घेता, ते लोह जातं कुठे?" रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा काढून पाहिला. निदान झालं, सीलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उठतं. अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर झडून सपाट होतात. मग कितीही खा, अंगी लागत नाही. औषध नाही. ग्लुटेन जन्मभर बंद, हाच उपचार.

हे कळलं कसं, तीही गोष्ट थंडीचीच आहे. विलेम डिके नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. सगळा देश खंगत असताना या आजाराची मुलं सुधारू लागली. पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी त्यावर प्रबंध लिहिला. मी हे वाचलं तेव्हा मला आपले उपास आठवले. आमच्या घरातही दर सोमवारी तोच प्रयोग चालला होता. फक्त लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे मीच तुला..." आणि फोन ठेवला. पुढचे काही महिने आमचं बोलणं हवापाण्याच्या पलीकडे गेलं नाही. मी समजावत होते, तुला कसं कळणार, डॉक्टरांना कळलं नाही. ती म्हणायची, "हो, हो." दोघींनाही ठाऊक होतं की तिला ते पटलेलं नाही.

आता पदार्थाकडे येते.

नॉटिंगहॅमला डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. आपल्या इथे गड्ड्याच्या यात्रेत स्वेटर घालून भजी खाणाऱ्यांनी तिथली थंडी मनात आणून पाहावी. अशा संध्याकाळी तिथल्या घरांत एक पदार्थ होतो, ॲपल क्रम्बल. खाली आंबट सफरचंदांच्या फोडी, वर मैदा, लोणी आणि साखर चोळून केलेला चुरा, आणि भट्टीत खरपूस भाजायचं. दुसऱ्या महायुद्धात सगळं रेशनवर असताना हा प्रकार घराघरात रुजला असं तिथली म्हातारी माणसं सांगतात. पेस्ट्रीपेक्षा लोणी कमी लागतं, आणि लाटायची कटकट नाही.

त्यासाठी लागणारं ब्रॅमली सफरचंद आमच्या जवळच्याच साउथवेल गावचं. १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने बागेत बी लावलं, त्याचं झाड झालं. पुढे ते घर ब्रॅमली नावाच्या खाटकाने घेतलं आणि नाव लागलं त्याचं. बी लावणारी राहिली बाजूला! आज जगात जिथे जिथे ब्रॅमली आहे, ते त्या एका झाडाचं कलम. कच्चं खाल्लं तर दात आंबतात, पण शिजलं की कापसासारखं फुलतं.

निदान झाल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी गरम क्रम्बलची थाळी आणून दिली आणि मला ती दारातूनच परत करावी लागली. त्यांचा चेहरा पडला. त्या रात्री मी ओट्यापाशी उभी राहून विचार करत होते. ग्लुटेन करतं काय? पीठ चिवट करतं, धरून ठेवतं. म्हणून पोळी लाटता येते, पाव फुगतो. ज्वारीत ते नाही, म्हणून तर आपण भाकरीच्या पिठाला उकळतं पाणी घालतो, नाहीतर थापताना कडा फाटतात. पण क्रम्बलला धरून ठेवणारं काही नकोच आहे! त्याने भुरभुरायचंच आहे. ज्या अवगुणापायी ज्वारी पावाला चालत नाही, तो इथे गुण.

डब्यात ज्वारीचं पीठ होतं. दुसऱ्या डब्यात शेंगदाण्याचा कूट होता. सोलापूरकराच्या घरात तो नसेल कुठे?

पहिला घाण फसला. पीठ जुनं होतं, कडवट झालं, आणि चुरा वाळूसारखा दाताखाली आला. तीन-चार खेपांनी जमलं. ते प्रमाण सांगते, लिहून घ्यायचं असेल तर घ्या. सहा-आठ जणांसाठी एक किलो सफरचंदं. आपल्याकडची काश्मिरी किंवा हिमाचलची घेतलीत तर ती गोड असतात आणि शिजून विरघळत नाहीत, म्हणून साखर दोनच मोठे चमचे, एका लिंबाचा रस आणि फोडी पातळ. ब्रॅमलीला साखर याच्या तिप्पट लागते. थोडी दालचिनी. वरच्या चुऱ्याला दीडशे ग्रॅम ताजं ज्वारीचं पीठ, पाऊणशे ग्रॅम जाडसर कूट, शंभर ग्रॅम थंडगार लोणी, नव्वद ग्रॅम साखर किंवा चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ. लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहाताने नाही, नाहीतर वितळतं. शेवटी चमचाभर थंड दूध शिंपडून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. ज्वारीला ओल प्यायला वेळ लागतो. हा दम खाल्ला नाही की वाळू लागलीच. मग फोडींवर सैल पसरायचं, दाबायचं नाही, आणि १८० अंशांवर चाळीस मिनिटं. कडेने रस बुडबुडायला लागला की झालं. कुणाला शेंगदाणा चालत नसेल तर बदामाची पूड घ्या, आणि वाढण्याआधी विचारा. मला कुणी विचारलं की किती बरं वाटतं, म्हणून सांगते.

ते घेऊन मी शेजारच्या आजींकडे गेले. त्यांनी वर कस्टर्ड ओतलं आणि त्याचीही गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमचे अल्फ्रेड बर्ड, त्यांच्या बायकोला अंडी चालत नसत. म्हणून १८३७ साली त्यांनी कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. तिला यीस्टही चालेना, तर पुढे बेकिंग पावडर बनवली. आमच्या ह्यांना मी हे मुद्दाम दोनदा ऐकवलं आहे.

इतकं सांभाळूनही माझ्या रक्तातले आकडे हवे तितके उतरत नव्हते. वर्ष उलटलं. पाव नाही, चपाती नाही, सोया सॉस नाही, मग येतंय कुठून?

२०१४ च्या डिसेंबरात मी सोलापूरला आले. आईने स्वयंपाकघर पालटून टाकलं होतं. माझी परात वेगळी, तवा वेगळा, लाटणं तर दृष्टीआड. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर पीठ मिसळतं हे मी फोनवर कधीतरी बोलले होते. तिने माळ्यावरचं जातं खाली काढून घेतलं होतं आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर पहाटे उठून माझ्यापुरती ज्वारी दळत होती. मी रागावले. तिने ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती डोळ्यांना भिंग लावून हिंगाची डबी वाचत बसली होती. घरातली प्रत्येक डबी, प्रत्येक पुडा ती असा वाचत होती. मला हाक मारली. "अगं, तुझ्याकडे हिंग कुठला?" म्हटलं, हाच. "यात गव्हाचं पीठ घातलंय की गं."

खडा हिंग फार उग्र, म्हणून बाजारातल्या पुडीत पीठ मिसळतात, आणि पुष्कळदा ते गव्हाचं असतं. दोन्ही वेळच्या फोडणीत मी ते घालत होते. एकट्या हिंगाचाच तो प्रताप होता की आणखी काही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकल्या नाहीत. पण तांदळाच्या पिठाचा हिंग आणला आणि पुढच्या तपासणीपासून आकडे उतरत गेले. दीड वर्षाने ते ठीक आले तेव्हा मी आधी आईला फोन केला. ती म्हणाली, "चला, एक तरी डबी वाचता आली वेळेवर." आणि मग पहिल्यांदा, त्या सगळ्या विषयावर, हसली.

तिला मी क्रम्बल करून घातलं होतं त्याच मुक्कामात, इथल्या पेरूचं. बिया काढायला तिने मदत केली. चव घेऊन म्हणाली, "शेंगाच्या पोळीचं सारण वर सांडल्यासारखं लागतंय, पण चांगलं आहे." २०२१ साली ती गेली. जातं आता माझ्या भावाकडे आहे.

काल रात्री बाकावरच्या मैत्रिणीच्या घरी ओटीजीत सहा खेपा केल्या. निम्मं पेरूचं, निम्मं सफरचंदाचं. ज्वारी तिने धुऊन, वाळवून, घरघंटी पुसून पहिल्यांदा दळली. मागच्या टेबलावर आहे, अजून कोमट असेल. एवढंच करा, तिथे ठेवलेला मोठा चमचाच वापरा, पुरीच्या ताटातला त्यात घालू नका. आणि पहिली वाटी सरांना द्या. सर, आमच्या घरी खायला घालत होते. भरपूर घालत होते.