होडीवरचा शिधा



आम्ही आजच्या व्याख्यानासाठी 'होडीवरचा शिधा' हा विषय कळविला, तेव्हा चालकांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांचे काही चुकले नाही. नागपूरपासून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटरांवर. आपल्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा आणि फार तर वैनगंगा. त्यातून बोलणारा कामगार चळवळीतला, शाळा अर्ध्यावर सुटलेला आणि पुढचे शिक्षण रात्रीच्या वाचनालयात झालेला माणूस. त्याने संपाविषयी बोलावे, बोनसविषयी बोलावे. तांदूळ-डाळीच्या डब्यांशी त्याचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल.

संबंध आहे. आम्ही इतकी वर्षे कामगारांत वावरत आहो, आणि आमचा अनुभव असा आहे की नव्या ठिकाणी युनियन बांधायला जावे तर माणसे पहिली तक्रार पगाराची करीत नाहीत. कँटीनमधल्या पातळ डाळीची करतात. पगार महिन्याने एकदा हाती येतो, डाळ रोज ताटात येते. पण जमिनीवरच्या कामगाराला एक सुटका असते. कँटीन वाईट असले तर तो फाटकाबाहेरच्या टपरीवर जातो. होडीवर फाटक नाही आणि टपरीही नाही. किनारा सोडताना जे भरले तेच दहा दिवस खायचे, आणि जे विसरले त्यावाचून राहायचे. म्हणून कामगाराच्या अन्नाचा प्रश्न नीट पाहायचा असेल तर तो होडीवर पाहावा, असे आम्हांला वाटते.

प्रथम शिध्याकडेच वळू. लहान होडीवर शिधा टिकवायचा म्हणजे ओल, ऊन आणि कीड या तिघांशी गाठ असते; होडीचे हेलकावे हा चौथा. खारी हवा पोत्यातून आत शिरते, म्हणून धान्य पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे, आणि एका मोठ्या डब्याऐवजी चार लहान डबे करावे. एकात पाणी गेले तरी तीन वाचतात. पिठापेक्षा अख्खे धान्य अधिक टिकते. दळले की दाण्यातले तेल हवेला लागते आणि पीठ खवट होते. बाजरीचे पीठ तर फारच लवकर कडू पडते. म्हणून होडीवर भाकरीपेक्षा भाताचे राज्य असते, ते केवळ कोकणी माणसाला भात आवडतो म्हणून नव्हे. पत्र्याचे सीलबंद डबे नेले तर त्यांवरची कागदी लेबले ओलीने सुटतात. मग कोणत्या डब्यात काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. दूरच्या सफरीवर जाणारे दर्यावर्दी ही लेबले आधीच काढून टाकतात, डब्यावर रंगाने खूण करतात आणि गंजू नये म्हणून वर वार्निशचा हात फिरवितात.

आता टिकाऊ आणि झटपट शिजणारे असे काय काय असते, याची यादी करायला आपल्याला बोटीवरच्या पुस्तकांकडे जावे लागत नाही. या सभागृहात बसलेल्या भगिनींच्या गच्चीवर ती यादी सध्या वाळत पडलेली आहे. पापड, कुरडया, सांडगे, मुगवड्या हे आपले उन्हाळी वाळवण म्हणजे पाण्याचा अंश काढून घेऊन अन्न टिकविण्याची विद्याच होय. मेतकूट, सातूचे पीठ, पोहे, लाह्या, भाजलेले शेंगदाणे, गूळ यांना तर चूलही लागत नाही, आणि वादळात चूल पेटत नाही तेव्हा हेच उपयोगी पडतात. शिजवायचेच झाले तर पिठल्यासारखा होडीचा मित्र दुसरा नाही. एक पातेले, बेसन, तिखट-मीठ, एखादा कांदा, आणि दहा मिनिटांत सहा माणसांचे काम होते. तुरीच्या डाळीपेक्षा मुगाची डाळ न्यावी. ती लवकर शिजते आणि इंधन वाचविते.

'झटपट' या शब्दावर आम्ही थोडे थांबतो, कारण तिथे घाम आहे. लहान होडीवर वेगळा आचारी नसतो. जाळे ओढून हात सोललेला एक खलाशीच स्टोव्हपाशी बसतो. पायांखालची फळी हलत असते आणि उकळते पातेले त्याच्या मांडीपासून हातभर अंतरावर असते. गॅस असेल तर आणखी एक भीती. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. तो गळला तर वर उडून न जाता होडीच्या तळाशी साठतो आणि ठिणगीची वाट पाहतो. म्हणून वापर झाला की सिलिंडरजवळची चावी बंद करायची, हा नियम होडीवर कधीही मोडता कामा नये. दहा मिनिटांचे जेवण आणि दीड तासाचे जेवण यांतला फरक चैनीचा नाही. तो त्या खलाशाच्या झोपेचा आणि त्याच्या कातडीचा फरक आहे.

पोट भरले म्हणजे झाले, असेही नाही. हा धडा जगाने फार महागात घेतला. जुन्या काळी लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उघडत आणि माणसे मरत. हा स्कर्व्ही रोग. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी वैद्याने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. त्याचे पुस्तक १७५३ साली निघाले. ब्रिटिश आरमाराने सर्व खलाशांना लिंबाचा रस देण्याचे ठरविले ते १७९५ साली. औषध ठाऊक होते, संत्र्याची किंमतही ठाऊक होती. तरी मधे बेचाळीस वर्षे गेली. संत्र्यांच्या या शहराने हा आकडा लक्षात ठेवावा. जे कळले आहे ते खालच्या माणसापर्यंत आपोआप पोचत नाही, एवढा अर्थ आम्ही त्यातून घेतो.

आपल्या माणसांचे उदाहरण हवे असेल तर पहिल्या महायुद्धातले कूत-अल-अमारा घ्या. पुणे डिव्हिजनचे सैन्य तैग्रिस नदीच्या वळणावर डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकले होते. त्यात मराठा पलटणी होत्या. भरसमुद्रातल्या होडीसारखीच त्यांची स्थिती: आत जे होते तेवढेच. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या पिठाच्या पावामुळे बेरीबेरी झाला. हिंदी सैनिकांना कण्याकोंड्याचे पीठ मिळत असल्याने बेरीबेरी टळला, पण भाजी नाही आणि घोड्याचे मांस त्यांना चालत नव्हते, म्हणून त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. शेवटी 'जुलनार' नावाची आगबोट अन्न भरून नदीतून पाठविली. ती वाटेतच अडकली आणि शत्रूच्या हाती गेली. पाच दिवसांनी कूत पडले. याच युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक या विदुषीने दाखवून दिले की कोरड्या कडधान्यात जे स्कर्व्हीविरोधी सत्त्व नसते ते मोड आणल्यावर तयार होते. म्हणजे आपल्या घरातली मोडाची उसळ! होडीवर ओल्या फडक्यात बांधलेले मूठभर मूग ही खलाशाची भाजीची बाग होय. सोबत कांदे, बटाटे, कागदात गुंडाळलेली लिंबे आणि कोकम असावे.

कुणी म्हणेल, मासे पकडणाऱ्याला जेवणाची काय चिंता? पण भाव येणारी मासळी बर्फात जाते. ताटात येते ती हलकी मासळी. आणि मासळी कितीही ताजी असली तरी ती भाजीची जागा घेत नाही.

आता हिशेब. सहा माणसे आणि दहा दिवसांची फेरी धरू. कष्टाच्या माणसाला दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ धरला तर चोवीस किलो. ऐंशी ग्रॅम डाळ धरली तर जवळजवळ पाच किलो. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी चार लिटर पाणी धरले तर दोनशे चाळीस लिटर. पण हा हिशेब इथे थांबविणारा माणूस समुद्राला ओळखत नाही. त्यावर तिसरा हिस्सा राखीव हवा: दहा दिवसांच्या फेरीला तेरा दिवसांचा शिधा आणि तीनशेवर लिटर पाणी, तेही एकाच टाकीत नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ आणि तामिळनाडूच्या होड्या आपल्या देवगड बंदरात आश्रयाला आल्या. त्या काही देवगडला येण्याच्या हिशेबाने शिधा भरून निघाल्या नव्हत्या.

पाणी एका टाकीत का नसावे, याचे उत्तर मुंबईत बांधलेल्या एका होडीने दिले आहे. 'सुहेली' ही बत्तीस फुटांची सागवानी होडी १९६४ साली मुंबईच्या कारागिरांनी बांधून पाण्यात सोडली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघाला आणि ३१२ दिवस कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. असे करणारा तो जगातला पहिला. त्या सफरीत त्याच्या मुख्य टाक्यांतले पाणी खराब झाले आणि त्याला पावसाच्या पाण्यावर भिस्त ठेवावी लागली. पुढे २००९-१० साली नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या छप्पन्न फुटी होडीतून चार बंदरे घेत एकट्याने प्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. या दोघांनाही आमचा प्रणाम. पण एका गोष्टीकडे लक्ष द्या. एकटा दर्यावर्दी स्वतःच यादी करतो, स्वतःच शिजवितो आणि स्वतःच खातो. यादीत चूक झाली तर तीही त्याचीच.

खलाशाचे तसे नाही. आपल्या किनाऱ्यावर अनेक होड्यांत वाट्याची पद्धत आहे. विक्रीतून आधी डिझेल, बर्फ आणि रेशन यांचा खर्च वजा होतो आणि मग उरलेल्याचे वाटे पडतात. म्हणजे त्या तांदळाचे पैसे खलाशीही भरतो. पण तांदूळ कोणता, डाळ किती, भाजी आणायची की नाही, हे ठरविताना त्याला कुणी विचारते का? दुसऱ्या होड्यांत नेपाळहून किंवा दूरच्या जिल्ह्यांतून आलेली मुले हंगामाच्या बोलीवर असतात, उचल घेऊन बांधलेली. तेथे शिधा मालकाचा; आणि उचल घेतलेला माणूस डाळीविषयी तोंड उघडीत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ साली मासेमारीच्या कामाविषयी १८८ क्रमांकाचा करार केला. तो २०१७ साली अंमलात आला. त्यात म्हटले आहे की होडीवरचे अन्न पोषण, दर्जा आणि प्रमाण या तिन्ही बाबतींत पुरेसे असावे आणि ते मालकाने विनामूल्य द्यावे; वाट्याच्या पद्धतीत खर्च वजा करायचा तर तसे कामगारांशी झालेल्या करारात असले पाहिजे, आणि त्या देशाच्या कायद्यालाही ते मान्य असले पाहिजे. मोठ्या व्यापारी जहाजांसाठी २००६ च्या करारात खलाशाला मोफत अन्न-पाणी हा हक्कच आहे. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेवर कामगारांच्या कारखान्यात कँटीन तर मागितलेच, शिवाय त्याच्या व्यवस्थापक समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद केली. पन्नास फुटी होडीवर अशी समिती भरविण्याची गरज नाही. फेरीच्या आदल्या दिवशी तांडेल आणि खलाशी यांनी मिळून यादी करावी, ती मोठ्याने वाचावी आणि खर्चाचा कागद सगळ्यांना दिसेल असा ठेवावा, एवढेच आमचे मागणे.

हे मागणे क्षुल्लक समजू नये. १९०५ साली 'पोटेमकिन' या रशियन युद्धनौकेवरचे बंड किडलेल्या मांसावरून पेटले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' या नाविक ठाण्यात खलाशांनी निकृष्ट अन्न नाकारले आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध संप पुकारला; काही दिवसांतच तो बंदराबंदरांतून पसरला. मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांच्या मनात स्वराज्य होतेच. पण माणसाची किंमत काय केली जाते, हे त्याला रोज दोनदा ताटात दिसत होते.

शेवटी आपल्या विदर्भाकडे येतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. गडचिरोलीच्या अशा दुर्गम गावांना पावसाळ्याच्या महिन्यांचे धान्य आधीच पोचवावे लागते. त्या दिवसांत ते गाव म्हणजे होडीच. तिथेही हेच प्रश्न विचारायचे आहेत: धान्य कोरडे राहील अशी कोठी आहे का, तांदळाबरोबर डाळ, तेल, मीठ आहे का, चार दिवस पूर लांबला तर राखीव काय, आणि यादी करताना गावातल्या बायकांना कुणी विचारले का? मे महिना सरत आला आहे. हे प्रश्न विचारायला अजून वेळ आहे. नदी भरल्यावर तो राहणार नाही.