दिवा वाटेवर पडू दे

मैत्रिणींनो, जेवणं उरकली का? भांडी राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ. अंगावर शाल घ्या, रेडिओ ओसरीवर ठेवा आणि माझ्याबरोबर अंगणात या. मार्गशीर्ष सरत आलाय, उद्या अमावास्या आहे. आज आभाळाबद्दल बोलू. आणि आमच्या वाडीत एका दिव्यावरून जे भांडण झालं, तेही सांगते. त्यात चूक माझी होती.

आमची वाडी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अंगाला. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे काजवे बघायला माणसं येतात. आमचा गट त्यांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करतो. मागच्या हिवाळ्यात मात्र वेगळेच पाहुणे आले. पुण्याहून फोन आला, "अमावास्येला खोली मिळेल का?" आमच्या गटातल्या मावशी म्हणाल्या, "अमावास्येला कोण फिरायला येतं गं? नीट चौकशी कर बाई."

आले ते पाच जण होते. कोणी नोकरीवाले, कोणी दुकानदार, आणि एक शाळेत शिकवणाऱ्या ताई. कॅमेरे, तिपाया, बॅटऱ्या असं सामान. हौस म्हणून आभाळाचे फोटो काढणारी माणसं. आम्हाला वाटलं, चांदण्यांचे फोटो काढत असतील. पण त्यांना हवे होते तेजोमेघ आणि दीर्घिका. तेजोमेघ म्हणजे आभाळातले वायूचे आणि धुळीचे प्रचंड ढग. त्यातल्या काहींत नवे तारे जन्माला येतात. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकेक समूह. आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक.

मी ताईंच्या शेजारी घोंगडी टाकून बसले. त्यांचा कॅमेरा एका यंत्रावर बसवला होता आणि ते यंत्र ध्रुवताऱ्याच्या दिशेला लावून घेतलेलं होतं. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकताना दिसतात. कॅमेरा स्थिर ठेवला तर ताऱ्यांच्या रेघोट्या उमटतात. म्हणून ते यंत्र कॅमेऱ्याला ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरवतं. एक फोटो एक मिनिटाचा. मी पहिला फोटो बघितला आणि हिरमुसले. काळपट, दाणेदार, मधे एक फिकट डाग.

ताई हसल्या. म्हणाल्या, "असे एकशेवीस काढायचे, मग सगळे एकावर एक रचून एक करायचा." मी म्हटलं, ही तर आपली बचतच झाली! एकीचे पन्नास रुपये काय कामाचे? पण सगळ्यांचे मिळून महिनोन्‌महिने साठले की त्यातून शेळ्या येतात, शिलाई मशीन येतं. तसा एकेका फोटोत चिमूटभर उजेड येतो. रेडिओत कधी खरखर येते ना, तशी फोटोतही असते. पण खरखर दर फोटोत वेगळी पडते आणि तेजोमेघ मात्र प्रत्येक वेळी जागच्या जागी असतो. फोटो एकत्र केले की खरखर दबते आणि खरं ते वर येतं. चौपट फोटो काढले तर खरखर निम्म्यावर येते.

पहाटे ताईंनी कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि झाकणासकट वीस फोटो काढले. मला वाटलं, झोपेत चूक झाली. पण तो धडा होता! आपण तूप मोजताना आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो, तसं कॅमेऱ्याच्या स्वतःच्या दोषाचं माप काढून नंतर ते वजा करतात.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर तयार फोटो दिसला. गुलाबी-लाल ढग, पंख पसरलेल्या पाखरासारखा. मावशींनी विचारलं, "रंग खरा का भरलेला?" ताई म्हणाल्या, "उठाव मी दिलाय, पण रंग खरा आहे. तिथला हायड्रोजन वायू लालच चमकतो. इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही, एवढंच."

आता भांडणाचं सांगते.

एसटीच्या थांब्यापासून वाडीपर्यंतच्या वाटेवर एक दिवा आहे. तो आमच्या गटाने दोन वर्षं अर्ज करून मिळवला. त्या वाटेवर साप निघतात आणि शेवटच्या एसटीने आमच्या मुली तिथूनच येतात. दिवा लागला त्या दिवशी आम्ही खांबाला हळदीकुंकू वाहिलं होतं. पण तो बसवला होता तिरका. निम्मा उजेड शेतात आणि आभाळात जायचा. पाहुण्यांच्या फोटोंवर त्याचा पांढरा पडदा येई. त्यांनी मला विचारलं, "संध्याकाळपासून दिवा बंद ठेवता येईल का? वर पैसे देऊ." आणि मी गटाला न विचारता हो म्हटलं. बटण बंद केलं.

सकाळी आमच्यातली एक जण दारात उभी. "काल माझी पोरगी अंधारात चाचपडत आली. आपला दिवा कितीला विकलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच दिवशी बैठक बोलावली आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. पाहुण्यांनीही मागितली, त्यांना मुलींचं माहीत नव्हतं. मग वाद सुरू झाला. कोणी म्हणे पाहुणे नकोतच. कोणी म्हणे हिवाळ्यात दुसरी कमाई काय आहे? शेवटी मावशी बोलल्या. "माझ्या गोठ्यातला दिवा डोळ्यावर यायचा, मी त्याला डब्याची टोपी घातली. धार काढायला उजेड पुरतो आणि डोळे दिपत नाहीत. रस्त्यावरच्या दिव्याला टोपी का नको?"

ताई म्हणाल्या, "मावशी, जगभर हेच सांगतात."

महिला ग्रामसभेत आम्ही विषय मांडला. दिवा सरळ खाली तोंड करून बसवायचा, वर पत्र्याची टोपी, आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब. काम वायरमनच्या हातून करून घेतलं. कोणीही स्वतः खांबावर चढू नका. आणि काय झालं सांगू? वाट आधीपेक्षा स्पष्ट दिसायला लागली. आधी दिवा डोळ्यांत घुसायचा, त्यामुळे कडेचं काही दिसायचं नाही. आता उजेड पायाशी पडतो. तीच मैत्रीण आता पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायला पहिली हजर असते.

हे आमचंच शहाणपण नाही बरं का. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे राखलेल्या काळोख्या आभाळाची जागा, असा मान मिळाला. तिथल्या आसपासच्या गावांत शंभराहून जास्त दिवे खाली तोंड करून बसवले. लडाखमध्ये हानले इथे गावकऱ्यांनाच दुर्बिणी देऊन शिकवलं आहे. पाहुण्यांना आभाळ तेच दाखवतात, त्यांत स्त्रियाही आहेत. काजव्यांनाही अंधार लागतो, कारण त्यांचं एकमेकांना बोलावणं उजेडाच्या खुणांनीच चालतं.

आणि हौशी माणसांचं काम कमी समजू नका. २०२३ मध्ये अशाच हौशी मंडळींनी देवयानी दीर्घिकेजवळ चमकणाऱ्या वायूची एक मोठी कमान शोधल्याचं जाहीर केलं. शंभराहून जास्त तासांचे फोटो त्यांनी एकावर एक रचले होते. मोठमोठ्या दुर्बिणींच्या नजरेतून ती सुटली होती.

आता अंगणातला दिवा मालवा. डोळ्यांना सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर मोबाईल बघू नका. पूर्वेकडे बघा. तीन तारे एका ओळीत दिसतात ना? तो मृगातला बाण. त्याच्या जवळच तीन बारीक ठिपक्यांची आणखी एक रांग आहे. त्यातला मधला ठिपका धूसर दिसतो. तोच ताईंच्या फोटोतला तेजोमेघ. त्याचा उजेड सुमारे १३५० वर्षांपूर्वी निघालाय, वेरूळचं कैलास लेणं कोरायच्याही आधी. मग वायव्येला, बरंच वर, देवयानीत कापसाच्या बोळ्यासारखा पुसट डाग शोधा. ती दुसरी दीर्घिका. तिचा उजेड २५ लाख वर्षं चालत तुमच्या अंगणात आलाय. त्यासाठी कॅमेरा लागत नाही, फक्त अंधार लागतो.

पुढच्या बैठकीला एवढं करा. आपल्या वस्तीतले दिवे मोजा. कुठे दिवा हवा आहे ते लिहा आणि कुठला दिवा आभाळात उजेड सांडतोय तेही लिहा. दोन्ही एकाच अर्जात द्या. आपल्याला वाटेवर उजेडही हवा आणि डोक्यावर तारेही हवेत. आणि गटाचा दिवा कोणालाही एकटीने बंद करू देऊ नका. समन्वयकालासुद्धा.